थोरला जावई

"तंबूत खायचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही," गुडसन झिम्बा सांगत होता. "संत्रं नाही, केळं नाही, बिस्किटाचा पुडा नाही. हत्तीला वास लागला की तो तंबूची चेन शोधत बसत नाही. सरळ तंबूच उघडतो."

पाहुणे हसले, आणि गुडसनला नेमकं तेच नको होतं. लोक हसले की त्यांना वाटतं गंमत चाललीय, आणि एकदा गंमत वाटली की कुणी काही लक्षात ठेवत नाही, हा त्याचा इतक्या हंगामांचा अनुभव. लुआंग्वा नदीच्या काठी, ऐन अभयारण्यातल्या त्या कॅम्पचा तो सुरक्षाप्रमुख. रोज सकाळी घसा फोडून तेच सांगायचा. पाणी उकळलेलंच प्या. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. गडद निळे कपडे घालू नका, त्सेत्से माशीला तो रंग फार आवडतो. नदीवर पाय धुवायला जाऊ नका, मगरीला पाय फार आवडतात. आणि हत्ती समोर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. वाट सोडायची आणि गुपचूप मागे सरकायचं. पाहुणे माना डोलवायचे आणि थोड्या वेळानं निळा शर्ट घालून, संत्रं सोलत सोलत नदीकडे निघायचे.

आज तर पहिल्याच खुर्चीत गडद निळा कोट बसला होता. कोटात लुसाकाचे विमा एजंट मिस्टर हाचिपुका होते.

"साहेब, तो कोट तेवढा काढा," गुडसन म्हणाला.

"का? मस्त आहे की! खास सफारीसाठी शिवलाय."

"माश्यांनाही मस्तच वाटेल."

"अहो, मी विमा विकतो. मला चावायची माशीची काय बिशाद!"

पुन्हा हशा. एरवी गुडसननं हेही गिळलं असतं, पण आज मागच्या खुर्चीत जेरे मॅडम बसल्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या. त्या राजधानीतून तपासणीला आल्या होत्या, आणि त्यालाही कारण होतं. ब्वाना! ब्वाना म्हणजे साहेब. न विचारता येणारा, हवं ते उचलणारा आणि मागे वळून न बघणारा एक दांडगा हत्ती इथे फिरायचा, त्याला कॅम्पच्या मंडळींनी दिलेलं हे नाव. गेल्या हंगामात त्यानं भरदिवसा एका पाहुणीच्या पिशवीतल्या संत्र्यांसाठी अख्खा तंबू ओढून नेला होता. बाई आंघोळीला गेली होती म्हणून वाचली. पण परत आली तेव्हा जिथे तंबू होता तिथे नुसतं गवत. तिनं जी बोंब ठोकली ती थेट राजधानीपर्यंत गेली. तिकडून निरोप आला, की पुढच्या तपासणीत उघड्यावर अन्न दिसलं किंवा हत्तीपुढे कुणी वेड्यासारखं वागलं, तर कॅम्पला कुलूप. मग आचाऱ्यापासून धोब्यापर्यंत सगळ्यांनी गावी जाऊन माश्या मारायच्या, आणि त्यांना तोंड दाखवायचं गुडसननं.

म्हणून त्यानं पहाटेपासून सगळा कॅम्प झाडून काढला होता. साखरेचा दाणासुद्धा लोखंडी कोठीत बंद होता.

व्याख्यान संपलं, जेरे मॅडम मुदपाकखाना बघायला गेल्या आणि गुडसनचा फोन वाजला. बायको, काम्पाम्बा.

"अहो, ऐकताय ना? आई पहाटेच निघालीय."

"बरं. कुठे?"

"तुमच्याकडे. कॅम्पवर. मातेबेतो घेऊन!"

गुडसन मटकन खाली बसला.

बेम्बा जमातीतली मुलगी केली की जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही आणि सासूनं जावयाचं. वाटेत समोरासमोर आलेच तर ती वाट सोडते, नजर खाली घालते, अंगाला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाचा पदर डोक्यावर ओढून तिरपी होते आणि मागे सरकते. जावयानं जवळचं झाड बघायचं आणि त्यामागे जायचं. बोलायचं तर नाहीच. निरोप द्यायचा झाला तर तिसऱ्याच्या तोंडून. हे सगळं संपतं ते मातेबेतोनं. सासरच्या बायका हंड्या रांधतात, गात-नाचत जावयाकडे आणतात, तो जेवतो, आणि त्या दिवसापासून तो घरचा मुलगा होतो. गुडसनची थोरली लेक शाळेत जायला लागली तरी त्याच्या दारी हंडी आली नव्हती. धाकट्या साडूच्या आल्या. म्पिकाच्या बसस्टँडवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या त्या पोराच्या! "जनावरांत राहणारा माणूस, त्याला काय मान द्यायचा?" असं सासूबाई म्हणाल्याचं गुडसनच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ते शब्द त्याच्या मनात काट्यासारखे सलत होते.

आणि आज हंड्या निघाल्या होत्या. आजच!

"मी येतोय ना रविवारी घरी," तो कळवळून म्हणाला.

"दर रविवारी हेच म्हणता. आई म्हणाली, जावई येत नसेल तर हंड्या जातील."

"काय काय केलंय?"

"भोपळा, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी, मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा, प्यायला मुनकोयोचा मोठा डेरा, कोंबडी, शिवाय आंबे."

गुडसननं डोळे मिटले. कोंबडी सोडली तर ब्वानाला विचारूनच बेत केल्यासारखा होता.

"तिला सांग, आज नको. इथे तपासणी आहे. परत फिरा म्हणावं."

"मातेबेतो परत? तुम्हीच सांगा तिला."

"मी कसा सांगू? मला तिच्याशी बोलता येतं का?"

"मग झालं तर!" काम्पाम्बा म्हणाली आणि फोन बंद पडला.

तो फाटकाकडे धावला, पण उशीर झाला होता. ट्रक आत येऊन थांबला होता आणि पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"अडवलं का नाहीस?"

"तुमच्या सासूबाई आहेत साहेब," पहारेकरी भिंतीशीच बोलला. "कशा अडवणार? मीही कुणाचा तरी जावई आहे."

ट्रकमधून बायका उतरल्या. डोक्यावर रंगीत कापडात बांधलेल्या हंड्या, कमरेत डोलणं, तोंडी गाणं, मागे ढोल. सगळ्यांत पुढे सासूबाई, बाना काम्पाम्बा, म्हणजे काम्पाम्बाची आई. उंच, रुंद, हातात लाकडी पळी. इतक्या वर्षांच्या सवयीनं गुडसनचे पाय आपोआप वळले आणि तो समोरच्या सॉसेज झाडामागे जाऊन उभा राहिला.

"मिस्टर झिम्बा!" मुदपाकखान्याकडून जेरे मॅडमचा आवाज आला. "सकाळी तुम्हीच म्हणालात ना, की या झाडाखाली कुणी उभं राहू नये?"

"हो मॅडम. फळं जड असतात. डोकं फुटतं."

"मग तुम्ही काय करताय?"

"उभा आहे मॅडम."

तेवढ्यात वरून हातभर लांबीचं फळ सुटलं आणि त्याच्या बुटाशेजारी धप्पकन पडलं. गुडसन जागचा हलला नाही. एका बाजूला फळ, दुसऱ्या बाजूला सासू. त्यानं फळ पसंत केलं.

जेरे मॅडम तरातरा पुढे आल्या आणि हंड्या बघून थबकल्या. त्या न्गोनी जमातीच्या. न्गोनी आणि बेम्बा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे चेष्टेचे भाऊबंद. समोर आले की तुम्ही माकडं खाता, तुम्ही उंदीर खाता असा टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही, आणि रागवायची सोय नाही.

"अगंबाई, बेम्बा मंडळी!" मॅडम म्हणाल्या. "हंडीत माकड आहे की काय?"

"तुमच्यासाठी उंदीर आणणार होते," बाना काम्पाम्बा म्हणाल्या, "पण तुमच्या लोकांनी वाटेत एक शिल्लक ठेवला असेल तर शपथ!"

दोघी खदखदून हसल्या. मग मॅडमनी हसू पुसलं आणि पुन्हा तपासनीस झाल्या.

"थट्टा बाजूला. हे सगळं आत्ताच्या आत्ता लोखंडी कोठीत गेलं पाहिजे. नाहीतर मी कॅम्प बंद करते. मिस्टर झिम्बा, सांगा त्यांना."

आली का पंचाईत! गुडसननं इकडेतिकडे बघितलं. मिस्टर हाचिपुका ढोलाचा आवाज ऐकून बाहेर आले होते आणि मानेवर चापट्या मारत होते. त्सेत्से माश्यांनी कोट पसंत केला होता.

"साहेब, एक उपकार करा," गुडसन झाडामागून म्हणाला. "त्या बाईंना सांगा, हंड्या कोठीत ठेवा."

"त्या बघा इथेच उभ्या आहेत. तुम्हीच सांगा की!"

"मी त्यांचा जावई आहे."

"असं होय!" हाचिपुकांनी चटकन ओळखलं. ते वळले. "बाई, तुमचे जावई म्हणतात, हंड्या कोठीत ठेवा."

"ऐकलं मी," सासूबाई झाडाकडे पाठ करून म्हणाल्या.

"मग मी कशाला मध्ये?"

"पद्धत आहे. त्यांना सांगा, मातेबेतो म्हणजे काय चोरीचा माल आहे का कुलपात ठेवायला? जावयानं झाकण उघडून खाल्ल्याशिवाय हंडी हलायची नाही. न खाता हलली, तर या जन्मात पुन्हा यायची नाही."

"त्या म्हणतात..."

"ऐकलं मी," गुडसन म्हणाला. इकडे कॅम्पला कुलूप, तिकडे घराला कुलूप. "त्यांना म्हणावं, मी आत्ता लगेच खातो. उभ्या उभ्या, पटापट."

"ते म्हणतात, पटापट खातो."

"पटापट?" सासूबाईंचा आवाज चढला. "प्रत्येक हंडीचं एक गाणं असतं. गाणं झालं की नाच. मग झाकण. त्याआधी हात धुणं, उकळून गार केलेल्या पाण्यानं. गाणी आखडून मान देणारं आमचं घर नाही, म्हणावं!"

"हात धुण्याचं ते चांगलं आहे," जेरे मॅडम नकळत म्हणाल्या. "गाणी किती आहेत पण?"

"हंड्या आहेत तितकी."

मॅडमनी हंड्यांकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे. पण त्याही कुणाची तरी सासू होत्या, आणि मातेबेतो अडवणाऱ्या बाईचं नाव गावोगाव कसं घेतलं जातं हे त्यांना ठाऊक होतं. "पहिलं गाणं होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग मात्र मी ऐकणार नाही."

चटया अंथरल्या, हंड्या मांडल्या, ढोल घुमला. बाकीचे पाहुणेही तंबूंमधून आले आणि कोंडाळं करून टाळ्या वाजवू लागले. हाचिपुका तर कोट सावरत नाचायलाही लागले. सगळ्यांची तोंडं हंड्यांकडे होती. एकटा गुडसन झाडामागे असल्यामुळे नदीकडे तोंड करून होता. म्हणून त्यालाच आधी दिसलं, की वारा हंड्यांवरून नदीकडे वाहतोय, आणि नदीकाठच्या झुडपांवर दोन कान हलताहेत.

"ढोल बंद!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ब्वाना आलाय."

ढोल थांबला. झुडपं बाजूला झाली आणि ब्वाना उघड्यावर आला. सोंड वर करून त्यानं एक लांब श्वास घेतला. भोपळा आहे, शेंगदाणा आहे, मका आहे, सगळं कळलं त्याला. तो चालू लागला.

इतक्या वर्षांची इतकी व्याख्यानं, पण पाहुण्यांना त्यातलं एक अक्षर आठवेल तर ना! एक जण फोन वर करून ब्वानाच्या डोळ्यांतच बघू लागला. एका बाईनं किंकाळीसाठी तोंड उघडलं. हाचिपुकांनी पळण्यासाठी कोट वर खोचला. पण सगळ्यांवर कडी केली ती सासूबाईंनी. त्या म्पिकाच्या डोंगरावरच्या, हत्ती त्यांनी फक्त पिठाच्या पोत्यावर छापलेला बघितलेला. एका काखेत कोंबडीची हंडी धरून त्या चटईपुढे ठाकल्या आणि त्यांनी पळी उगारली.

"हट्! चल हो मागं! जावयाचं आहे ते!"

ब्वाना थांबला. त्यानं कान पसरले आणि डोकं उंच केलं. गुडसनला ते लक्षण चांगलं माहीत होतं. आता पळी हलली तर संपलं. कॅम्प जाऊ दे, नोकरी जाऊ दे, ही बाई डोळ्यांसमोर चिरडली गेली तर काम्पाम्बाला काय सांगायचं? ओरडावं तर हत्ती उधळेल. समजावावं तर वेळ कुठे आहे? नजरेला नजर देऊ नका, वाट सोडा, मागे सरका, आवाज करू नका, हे सगळं या बाईला एका शब्दात कसं...

आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सगळं या बाईला येतंच की! आयुष्यभर तेच तर करत आलीय ती!

"हाचिपुकासाहेब," तो हळू पण स्पष्ट म्हणाला, "त्यांना सांगा, समोर उभा आहे तो जावई आहे."

हाचिपुकांच्या तोंडून नुसती हवा निघाली.

मग गुडसन झाडाकडे वळला. "झाडा, तू सांग त्यांना. समोर जावई उभा आहे. जावई! थोरला जावई!"

शब्द कानावर पडले मात्र, बाना काम्पाम्बांची नजर आपोआप खाली गेली. पळी खाली आली. पदर डोक्यावर चढला. त्या तिरप्या झाल्या, अंग चोरलं आणि एक एक पाऊल वाटेबाहेर, मागे मागे सरकत गेल्या. चप्पलचासुद्धा आवाज नाही. त्यांच्यामागे ओळीनं सगळ्या बायका तशाच. माना खाली, खांदे वळलेले, तोंडं मिटलेली.

"सगळ्यांनी त्या बायका करतात तसं करा," गुडसन पाहुण्यांना म्हणाला.

आता व्याख्यान आठवायची गरजच नव्हती. नुसती नक्कल करायची होती. फोनवाल्यानं फोन खाली घेतला आणि मान खाली घातली. किंकाळीवाल्या बाईनं टॉवेल डोक्यावर ओढला. जेरे मॅडमनी हातातली फाइल पदरासारखी कपाळावर धरली. हाचिपुकांच्या मानेवर लागोपाठ माश्या चावत होत्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ते एखाद्या सोवळ्या सासूसारखे लाजून मागे सरकत राहिले. थोड्याच वेळात सगळा कॅम्प मागे मागे सरकत भोजनघराच्या दगडी भिंतीआड गेला, आणि मैदानात ब्वाना एकटा उरला.

त्यानं कान मिटले. इतका मान त्यालाही कुणी कधी दिला नसावा. मग तो पुढे आला आणि शांतपणे जेवायला लागला. सोंडेनं झाकण उचलायचं, बाजूला ठेवायचं, हंडी रिकामी करायची, पुढची घ्यायची. भोपळा संपवला, पालेभाजी संपवली, न्शिमाचे गोळे एकेक करून तोंडात टाकले. मुनकोयोचा डेरा तर त्यानं एका दमात ओढला आणि डेऱ्यातच एक मोठा ढेकर दिला. आंबे कोयांसकट गेले. शेवटी चटईवरचं एक लाल चितेंगे सुळ्यावर अडकवून तो आला तसा नदीकडे निघून गेला.

गुडसन भिंतीच्या टोकाला उभा राहून रिकाम्या हंड्यांकडे बघत होता. माणसं वाचली होती, पण ज्या हंड्यांची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली त्या हत्ती खाऊन गेला होता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"मिस्टर झिम्बा," जेरे मॅडम कपाळावरची फाइल काढत म्हणाल्या. "अन्न उघड्यावर होतं. हा दोष मी लिहिणार. त्यात माझा एका गाण्याचा दोष आहे, तोही लिहिणार."

"हो मॅडम."

"पण इतकी माणसं एका हत्तीपुढून एकही पाऊल न पळता मागे आलेली मी माझ्या अख्ख्या नोकरीत बघितली नाहीत. आम्ही राजधानीत पडद्यावर चित्रं दाखवतो, वही-पेन वाटतो, वर चहा पाजतो, तरी लोक पळतात. हे प्रशिक्षण तुम्ही कुठे घेतलं?"

"सासरी, मॅडम."

मॅडम हसल्या, आणि या वेळी तपासनीस म्हणूनच हसल्या. "कॅम्प चालू राहील. आणि पुढच्या हंगामाआधी खोऱ्यातल्या सगळ्या कॅम्पच्या लोकांना तुम्ही शिकवायचं. हेच, असंच, झाडासकट."

आचाऱ्यानं शिट्टी मारली, धोब्यानं ढोल ओढून घेतला, पाहुण्यांनी गुडसनला उचलायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. "ऐकलं का सगळ्यांनी?" हाचिपुका मान खाजवत ओरडले. "या माणसाचा विमा मी फुकट काढून देतो!" आणि त्यांनी तो निळा कोट स्वतःच्या हातानं काढून, घडी करून लांब फेकून दिला.

त्या गलक्यात बायका अचानक बाजूला झाल्या. बाना काम्पाम्बा सरळ गुडसनकडे चालत येत होत्या. तो सवयीनं वळला, पण मागे भिंत होती आणि जवळपास एकही झाड नव्हतं. त्याच्यापुढे त्यांनी काखेतली हंडी ठेवली. हत्तीपुढून मागे सरकताना ती त्यांनी सोडलीच नव्हती. झाकणाखाली अख्खी कोंबडी होती, आणि तिच्यावर, सगळ्यांना दिसेल असा, पोटा-कलेजीतला पोटा. घरच्या जावयालाच वाढतात तो.

बाईंनी पदर मागे सारला. नजर उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाचं तोंड नीट बघितलं.

"थोरला जेवून गेला," त्या म्हणाल्या. "आता तू बस."

गुडसन बसला. उकळून गार केलेल्या पाण्यानं त्याचे हात धुतले गेले, उरलेली सगळी गाणी त्या एकाच हंडीसमोर झाली, एकही आखडली नाही, आणि तो भोजनघराच्या बंद दारांआड, नियमाला धरून, डोळे पुसत पुसत जेवला. "जनावरांत राहतोस म्हणून नावं ठेवत होते रे तुला," सासूबाई वाढता वाढता सरळ बोलून गेल्या. "तू राहत होतास म्हणून आज मी आहे." त्यानं ताट पुढे केलं आणि आणखी एक घास घातला.

दुपार कलली. रिकाम्या हंड्या धुऊन ट्रकमध्ये चढल्या. गुडसन सासूबाईंना ट्रकपर्यंत पोचवायला निघाला, दोघं शेजारी शेजारी चालत, आणि हे बघून पहारेकऱ्यानंसुद्धा भिंतीकडून तोंड वळवलं. तेवढ्यात झुडपं पुन्हा हलली. सुळ्यावर लाल चितेंगे मिरवत ब्वाना बाहेर आला, दुपारच्या पाहुणचाराची चव जिभेवर असणार.

गुडसन जागच्या जागी थांबला. पण बाना काम्पाम्बांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि थेट ब्वानाकडे चालायला लागल्या.

"आलास का बाबा? बस, अजून आंबे आहेत ट्रकमध्ये!"

"मायो!" गुडसनच्या तोंडून निघालं. मायो म्हणजे आई, आणि स्वतःच्या सासूला त्यानं मारलेली ही पहिली हाक. "थांबा! नजर खाली घ्या. मागे या."

"का म्हणून?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "माझ्या हातचं जेवलाय तो. मातेबेतो झालेल्या जावयापासून कुणी लपतं का?"

बोलणं बिनतोड होतं. ब्वानानं कान पसरायला सुरुवात केली होती.

"मायो," तो हळूच म्हणाला, "त्यानं पोटा कुठे खाल्ला?"

बाना काम्पाम्बा थांबल्या. त्यांनी विचार केला. कोंबडीची हंडी तर आपल्याच काखेत होती. मग त्यांची नजर सावकाश खाली गेली, पदर डोक्यावर आला, आणि एक एक पाऊल मागे येत त्या गुडसनच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"खरंच की रे," त्या कुजबुजल्या. "म्हणजे जावई तू एकटाच."